गोळी ती गोळी नव्हे, साहेब!

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक न करता पुढं गेलं तरी चालेल. पण ज्यांच्या घरातलं कुणी रेंजवर जातं, त्यांनी जरा शेवटपर्यंत दम धरा.

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पदक मारलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, फायनलला ४५१.४ गुण. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. मग काय, चौकाचौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर स्वप्नीलचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो दारातल्या कॅलेंडरएवढे. रेंज काढू, अकादमी काढू, तालुक्यातालुक्यातनं ऑलिंपियन काढू, अशी भाषणं झाली. टाळ्या मीही वाजवल्या.

नंतर एका कार्यालयात गेलो आणि साहेबांना एकच प्रश्न विचारला. रेंज बांधाल, शेड घालाल, उद्घाटनाला नारळ फोडाल. त्या रेंजवर पोरं मारणार काय? म्हणजे काडतूस कुठलं घेणार, कोण निवडणार, खरेदीच्या कागदावर त्याचं वर्णन काय लिहिणार? साहेब हसले. म्हणाले, "अहो, गोळी ती गोळी. नेम चांगला पाहिजे."

या एका वाक्यावर ही सगळी पोस्ट आहे. कारण हे वाक्य एकट्या साहेबांचं नाही. पालकांचं आहे, पुढाऱ्यांचं आहे, आणि खरं सांगायचं तर आम्हा बातमीदारांचंही आहे. बारा-बारा हजारांचे बूट घालून पळणाऱ्याच्या बुटाची बातमी आम्ही करतो, पण नेमबाजाच्या डब्यातल्या शिशाबद्दल एक ओळ छापत नाही.

आधी शब्द सरळ करून घेऊ. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. पण पिस्तुलात भरतात ते काडतूस. त्याचे चार भाग: पितळेची पुंगळी, बुडाला प्राइमर म्हणजे ठिणगी देणारी टोपी, आत दारू, आणि तोंडाला बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाऊन कागदाला भोक पाडते ती फक्त गोळी. पुंगळी मागं पडते. आणि ती पुंगळी चांगली असेल तर नवी टोपी, मोजून दारू आणि आपल्या पसंतीची गोळी बसवून पुन्हा वापरता येते. जगात याला हँडलोडिंग म्हणतात. सेंटरफायर पिस्तुलाचे कित्येक नेमबाज परदेशात स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. पैसे वाचतात म्हणून भरतात, आणि गोळी निवडता येते म्हणूनही भरतात.

.२२ मध्ये हे जमत नाही. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मारलं ते २५ मीटर पिस्तूल .२२ चं. त्या काडतुसात वेगळी टोपी नसते, ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा मारलं की संपलं. तिथं निवड करायची ती कारखान्याच्या लॉटची. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस. पण आज बनलेला लॉट आणि महिन्यानं बनलेला लॉट एकाच नळीतून वेगळा गठ्ठा पाडतात. म्हणून इंग्लंडात ईली आणि जर्मनीत लापुआ यांच्या टेस्ट रेंजवर मोठे नेमबाज आपली नळी घेऊन जातात, ती शिकंज्यात बांधून एकेक लॉट मारून बघतात आणि जो जुळेल तो लॉट उचलतात. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. शर्टाच्या बटणाएवढं. तिथं लॉट चुकला तर हात देवाचा असला तरी नऊ लागतो.

आता मूळ विषय, २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक स्पर्धेत आहे आणि आपल्या राष्ट्रीय स्पर्धेतही आहे. जसपाल राणानं २००६ च्या दोहा एशियाडमध्ये याच प्रकारात ६०० पैकी ५९० मारून तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. साठ गोळ्या: तीस सावकाश आणि तीस वेगानं, म्हणजे टार्गेट तीन सेकंद तोंड दाखवतं, सात सेकंद फिरून बसतं. नियमात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचं काडतूस चालतं. पण जगभर या खेळात सगळ्यात जास्त दिसतं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, वॉडकटर गोळीचं.

वॉडकटर म्हणजे काय? नाक नसलेली गोळी. सपाट तोंडाचं शिशाचं लहानसं पिंप समजा. ती पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसते, बाहेर डोकावत नाही. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, भोकाच्या कडा चिंध्या होतात. वॉडकटर पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडते. या प्रकारात कागदी टार्गेटवर शंका आली तर पंच ९.६५ मिलिमीटरचं गेज भोकात घालून बघतात. गोळी कुठलीही असो, गेज तेच. म्हणजे जाड गोळी मारून गुण वाढत नाहीत, हे आधी डोक्यातून काढा. फायदा स्वच्छ भोकाचा असतो, कारण फाटक्या भोकात गेज नीट बसत नाही आणि मग वाद होतात. आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट आल्यावर हा फायदा कमी झाला. तरी वॉडकटर टिकली, कारण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

ती गोष्ट म्हणजे गोळीचं बूड.

लोक गोळीचं नाक बघतात. टोकदार आहे, चकचकीत आहे, तांब्याचं आवरण आहे, म्हणजे भारी असणार! फ्रँकलिन मान नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं आयुष्यातली बरीच वर्षं गोळ्या मारून मोजण्यात घालवली आणि १९०९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याच्या प्रयोगांतून ठळक झालेली बाब ही, की नाकाला खोच पडली तर फारसं बिघडत नाही, पण बुडाची कड एका बाजूला दुखावली की गोळी भरकटते. कारण नळीतून शेवटी सुटतं ते बूड. त्या क्षणी मागचा वायू सगळ्या बाजूंनी सारखा सुटला पाहिजे. एका बाजूनं आधी सुटला तर गोळीला ढुशी बसते. होडीचं सुकाणू मागं असतं, तसंच हे.

.३२ ची चांगली मॅच गोळी मऊ शिशाची, दाबून घडवलेली आणि बुडाला पोकळ असते. वजन ९८ ते १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास. दारू पेटली की वायूच्या दाबानं तो पोकळ घेर घागऱ्यासारखा फुलतो आणि नळीच्या खाचांना घट्ट बसतो. वेग कमी, धक्का कमी, पण पकड पक्की. आता कुणी शहाणा म्हणेल, मग दारू वाढवू, वेग वाढवू. तसं केलं की तो पातळ घागरा फाटतो. कधी शिशाची कडी नळीतच राहते आणि पुढच्या गोळीला नळी फुगते. म्हणून ही गोळी निवडली की वेगाची मर्यादाही निवडली जाते.

याउलट साच्यात ओतलेली भरीव गोळी. त्यात कथिल, अँटिमनी घालून शिसं कडक करतात. ती स्वस्त पडते, पण फुलत नाही. त्यामुळं तिचं माप तुमच्या नळीला आधीच जुळलं पाहिजे. जाणकार माणूस मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलून बाहेर काढतो आणि मायक्रोमीटरनं मोजतो. गोळी त्या मापाची किंवा इंचाच्या हजाराव्या भागानं मोठी हवी. लहान पडली तर वायू कडेनं निसटतो, शिसं वितळून नळीला चिकटतं आणि पन्नास गोळ्यांनंतर ते पिस्तूल आधीचं राहतच नाही. पोरगं म्हणतं, "सर, आज हात चालेना." हाताचा काय दोष?

आणखी एक. पार्दिनी, वॉल्थर यांची .३२ ची स्पर्धेची पिस्तुलं वॉडकटरसाठीच घडवलेली असतात. मॅगझिनची लांबीच तेवढी. बाजारात मिळणारं .३२ रिव्हॉल्व्हरचं गोल नाकाचं काडतूस नावानं तेच असलं तरी लांबीला जास्त, ते त्या मॅगझिनमध्ये बसतच नाही. खरेदीच्या कागदावर नुसतं ".३२ काडतूस" लिहिलं आणि सर्वात कमी दराला मंजुरी दिली, की लाखाचं पिस्तूल आणि त्यात न बसणारं काडतूस अशी जोडी जमते. गोळी ती गोळी, नाही का?

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावतो, कारण चूक फक्त कार्यालयात नाही. आपल्याकडं एक नवी जमात तयार झालीय. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघायचे आणि रेंजवर येऊन ज्ञान वाटायचं. "१४७ ग्रेन घ्या, धक्का मऊ येतो. पॉवर फॅक्टर बघा." अरे बाबा, पॉवर फॅक्टर हा आयपीएससीतला, म्हणजे पळत पळत मारायच्या खेळातला नियम आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटात, गुणाकार करून हजारानं भागायचं. मायनर गटाला १२५ लागतात. १४७ ग्रेनची गोळी ८६० फुटांच्या वेगानं १२६ भरते. ११५ ग्रेनचीला तेवढ्यासाठी जवळजवळ ११०० फूट पळावं लागतं. जड गोळी सावकाश ढकलते, हलकी झटका देते, हे त्या खेळात खरं. नळीला पुढं कॉम्पेन्सेटर असेल तर उलटं गणित: तिथं हलकी गोळी आणि जास्त वायू हवा, आणि उघडं शिसं नको, कारण ते त्या भोकांत जाऊन बसतं. हे सगळं बरोबर आहे. पण ते ९ एमएमचं आहे, आणि ९ एमएम पॅराबेलम आपल्या देशात सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअर आहे! मग १७ वर्षांच्या पोराला हे शिकवून काय साधलं? त्याला .३२ ची पोकळ बुडाची गोळी का फुलते ते सांगा.

आणि पालकांनो, तुम्हालाही. पोरगं आठ-नऊवर अडकलं की "इम्पोर्टेड मॅच काडतूस आणू का?" असं विचारणारे बाप मला भेटतात. एकानं तर जनावर विकायची तयारी केली होती. त्यांना मी कागदावर हिशेब करून दाखवला, तोच इथं देतो. समजा पोराचा हात ६० मिलिमीटरच्या घेरात हलतो आणि काडतूस स्वतः ३० मिलिमीटर पसरवतं. दोन्ही मिळून ९० होत नाहीत. दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं: साधारण ६७. आता दुप्पट चांगलं काडतूस आणलं, १५ मिलिमीटरचं. उत्तर ६२. पाच मिलिमीटरसाठी म्हैस विकायची? नको. त्या पैशात वर्षभर सराव करू द्या. पण तोच पोरगा तीन वर्षांनी हात ३५ वर आणतो, तेव्हा वाईट काडतुसानं एकूण घेर ४६ होतो आणि चांगल्यानं ३८. २५ मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. आता हे आठ मिलिमीटर म्हणजे राज्य संघात निवड होणं आणि न होणं.

म्हणजे काडतुसाचा प्रश्न सुरुवातीच्या पोराचा नाहीच. तो नेमका त्या पोराचा आहे जो वर चढून दारापर्यंत आलाय. त्या पायरीवर आपली व्यवस्था त्याला सांगते, जे मिळेल ते मार.

कायद्याकडं येतो. शस्त्र अधिनियम १९५९. यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या एकदा वाचाच. त्यात तयार काडतूस तर येतंच, पण काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे परदेशी नेमबाजाच्या गॅरेजमध्ये टेबलाला पकडलेला तो साधा हँडप्रेस, तो आपल्याकडं कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. कलम ५ म्हणतं, बनवायला वेगळा परवाना लागतो. पिस्तूल बाळगायचा परवाना खिशात आहे म्हणून काडतूस भरता येत नाही. आणि विनापरवाना बनवण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

हे मी मुद्दाम ठळक सांगतोय. कारण आपल्या भागात "रिकाम्या पुंगळ्या द्या, भरून देतो, निम्म्या पैशात" असं कुजबुजणारे आहेत, हे माझ्या कानावर आलंय. पोरांनो, त्या वाटेला जाऊ नका. एक तर सात वर्षं. दुसरं, सामन्याच्या हलक्या काडतुसात दारू पुंगळीच्या तळाला चिमूटभरच असते. ती चुकून दोनदा पडली तरी वरून पटकन कळत नाही, आणि ते पिस्तूल तुमच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर असतं. ज्याला नळीचं माप माहीत नाही, तराजू कसा तपासायचा माहीत नाही, तो माणूस तुमच्या डोळ्याची किंमत निम्म्या दरात लावतोय.

पण मग प्रश्न उरतो. गरज खरी आहे, चोरवाट धोक्याची आहे, तर सरळ वाट का नाही?

इथं लगेच उत्तर येतं, "पत्रकार, तुम्हाला काय गावोगावी कट्टे हवेत काय?" हे उत्तर मला पोलीस खात्यातल्या मित्रांकडूनही मिळालंय. वीस वर्षं क्राइमच्या बातम्या करतोय. गावठी कट्टा कुठून येतो हे मला शिकवू नका. मध्य प्रदेशातल्या उमरटीचं नाव आपल्या प्रत्येक क्राइम रिपोर्टरला पाठ आहे. कट्टेवाल्याला पोकळ बुडाची गोळी आणि हजारावा भाग इंच लागत नाही. त्याला दोन काडतुसं लागतात आणि ती त्याला मिळतात. ज्याच्या प्रत्येक काडतुसाची नोंद आहे, ज्याचा पत्ता, फोटो, क्लबचा शिक्का सरकारकडं आहे, तो नेमबाज. कडक नियमाचा सगळा भार नोंदीत असलेल्या माणसावर, आणि नोंदीबाहेरचा मोकळा. याला मी कडक कायदा म्हणत नाही, सोयीचा कायदा म्हणतो.

सरकारनं नेमबाजांसाठी काहीच केलं नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये नियम बदलून नामांकित नेमबाजांना जास्त शस्त्रांची मुभा दिली, सरावाच्या काडतुसांची वार्षिक मर्यादाही वाढवली. चांगलं केलं. पण मर्यादा वाढली म्हणजे काडतूस मिळालं असं होत नाही. परवान्यावर आकडा वाढला, दुकानात डबा तोच. राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजाचा डबा उघडून बघा: फिनलंड, जर्मनी, इंग्लंड, इटली. विमानातून येणार, संघटनेमार्फत येणार, कधी येणार त्यावर सरावाचं वेळापत्रक ठरणार. लॉट निवडायचं तर सोडाच, दोन डब्यांवर एकच लॉट नंबर आला तरी नशीब.

गंमत बघा. काडतुसाचं अर्धं घर आपल्याच राज्यात आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून पुण्यात आहे. .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसं तिथं बनत आली, पुंगळीच्या बुडावर केएफ अशी अक्षरं असतात. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे, तिचं मुख्यालयही पुण्यात. स्फोटकांच्या साठ्याचे नियम आणि परवाने बघणारी केंद्राची संस्था पेसो, तिचं मुख्यालय नागपुरात. आणि नेमबाज घडवणारं कोल्हापूर इथं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही, स्वप्नील, सगळे याच मातीतले. पुणे, नागपूर, कोल्हापूर. एका एसटीच्या पासात फिरून होईल एवढा त्रिकोण आहे हा. आणि तरीही आपल्या पोराच्या .३२ ची गोळी युरोपातून येते.

खडकीचं .३२ हे स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरसाठी आहे. त्या कामाला ते काडतूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सामन्याचं काडतूस ही वेगळी वस्तू आहे. पुंगळी तीच, टोपी तीच. गोळी वॉडकटर, पोकळ बूड, वजनातला फरक अगदी कमी, दारू हलकी, आणि डब्यावर लॉट नंबर. जी संस्था दीडशे वर्षं काडतुसं बनवते तिला हे जमणार नाही, हे मला कुणी पटवून द्यावं. मागणी कमी आहे म्हणतील. मान्य, रिव्हॉल्व्हरवाल्यांच्या मानानं नेमबाज मूठभरच. पण परवानाधारकाच्या रिव्हॉल्व्हरमधून वर्षाला किती गोळ्या सुटतात? बऱ्याच जणांच्या तर दसऱ्याला पूजेपुरत्या बाहेर येतात. नेमबाज एका सकाळी पन्नास-साठ मारतो.

दुसरी गोष्ट, भरण्याची. जर्मनीसारख्या कायद्याच्या बाबतीत कर्मठ देशात नेमबाजाला स्वतःची काडतुसं भरता येतात. पण आधी कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, गरज दाखवावी लागते, मग स्फोटक कायद्याखाली परवाना मिळतो, आणि घरात दारू किती व कशी ठेवायची यालाही मर्यादा असते. मी तर घरात मागतच नाहीये. आपल्याकडची घरं बघता नकोच. क्लबमध्ये एक खोली. मान्यताप्राप्त रेंज, जिथं शस्त्रं ठेवायची कोठी, रजिस्टर, कॅमेरा आधीच असतो. एक प्रशिक्षित जबाबदार माणूस. पुंगळ्या मोजून आत, काडतुसं मोजून बाहेर. गोळी कुठली, लॉट कुठला, वहीत नोंद. दारूचा साठा पेसोच्या नियमानं. सुरुवातीला सगळ्या राज्यात एकच ठिकाण करा, बालेवाडी करा. दोन वर्षं चालवून बघा. एक पुंगळी कमी भरली तर टाळं ठोका, मी स्वतः बातमी लावतो.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, शिशाचा. उघडं शिसं, टोपीतली शिशाची संयुगं, बंद शेडमधला धूर. बारा-तेरा वर्षांची पोरं एअर पिस्तुलाचे छर्रे तोंडात धरून भरताना मी बघितलीत! हात न धुता डबा खातात. क्लबनं खोली मागायच्या आधी पाण्याचा नळ, साबण आणि पंखा लावावा. गोळीवर पॉलिमरचं आवरण असलेले प्रकारही निघालेत, ते हाताळताना शिसं कमी लागतं. पण ते बहुतेक भरीव बुडाचे, म्हणजे पुन्हा नळीचं माप आलं. फुकट काही मिळत नाही.

आता मी काय केलंय ते सांगतो. माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाकलेत, दहा-दहा रुपये भरून. एक म्युनिशन्स इंडियाला: .३२ एस अँड डब्ल्यू लाँगमध्ये वॉडकटर मॅच काडतूस बनवण्याचा प्रस्ताव कधी आला होता का, आला असेल तर त्यावर शेरा काय, आणि कुठल्या क्रीडा संघटनेनं लेखी मागणी केली होती का. शेवटचा प्रश्न मुद्दाम, कारण संघटनांनी मागितलंच नसेल तर नुसतं कारखान्याला झोडपून उपयोग नाही. दुसरा अर्ज क्रीडा खात्याला: गेल्या पाच वर्षांत काडतूस आणि छर्रे खरेदीच्या प्रत्येक आदेशाची प्रत, त्यातल्या तपशिलासकट. गोळीचा प्रकार, वजन, लॉट नंबर हे शब्द त्या आदेशांत किती वेळा आलेत ते मोजायचं आहे.

कायद्यानं तीस दिवस. उत्तर येईल तसं इथंच टाकेन, न आल्यास अपील करेन.

तोवर तुमच्याकडून एक मदत हवी. दुधाळीला, बालेवाडीला किंवा कुठंही मारणाऱ्यांनी आपल्या डब्यावरचा लॉट नंबर आणि त्याच लॉटनं मारलेल्या टार्गेटचा फोटो इनबॉक्स करा. शक्य असेल तर हात टेकवून, दहा-दहा गोळ्यांचे दोन गठ्ठे. पाच गोळ्यांच्या गठ्ठ्यावरून काही कळत नाही, तो नशिबानंही लहान येतो. पिस्तुलाचं मॉडेल लिहा. परवान्याचा नंबर, शस्त्राचा नंबर आणि पत्ता मात्र झाकून पाठवा, आणि काडतूस भरल्याचे कुठलेही फोटो मला पाठवू नका.